लंबक लहरी की घड्याळ?

एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनास किती वेळ लागतो, हे तुम्ही सूत्रावरून काढू शकाल. उत्तर सुमारे २.०१ सेकंद येते. मालवणात आमच्या प्रयोगशाळेत मुलांनी हाच प्रयोग संगणक जोडून केला. लंबकाने प्रकाशाचा झोत अडवला की संगणकाने वेळ टिपायची. बहुतेक नोंदी ठीक होत्या. पण मधूनच २.०६ आणि लगेच पुढची १.९६! पहिलीवरून गुरुत्वत्वरण ९.३ येते, दुसरीवरून १०.३. पृथ्वी काही इतकी लहरी नाही.

नीट पाहा. एक नोंद जेवढी वाढली, तेवढीच पुढची घटली. म्हणजे मधली एकच वेळ ५० मिलिसेकंद उशिरा टिपली गेली होती. लंबक निर्दोष होता!

मग दोषी कोण? संगणकातील कामांना प्रोसेसरची पाळी वाटून देणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या संगणकावर विंडोज होती आणि तिच्या पोटात लिनक्स चालवली होती. एक यजमान, दुसरी पाहुणी. (ही युक्ती जुनी आहे, आयबीएमने १९७२ सालीच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती.) पाहुणीला वाटते, सारा संगणक आपलाच. तिने लंबकाच्या कामाला पहिला मान दिला होता. पण तो तिच्या घरापुरता. यजमानाच्या लेखी पाहुणी म्हणजे इतर अनेक कामांपैकी एक.

देवबागला कर्लीच्या खाडीत वाळूवर टेकलेली होडी आठवा. होडीवर तांडेलाचा हुकूम चालतो, भरतीवर नाही. पाणी चढेपर्यंत खलाशी कितीही तत्पर असले तरी होडी हलत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, पाहुणीला दर १० मिलिसेकंदांत २ मिलिसेकंद काम करायचे आहे. यजमान तिला दर १०० मिलिसेकंदांत सलग २० देतो. दोन्हीकडे वाटा वीस टक्केच! तरीही मधल्या ८० मिलिसेकंदांत तिच्या आठ पाळ्या हुकतात. नेमक्या वेळेच्या कामात सरासरी उपयोगी पडत नाही. सर्वांत लांब खंड किती, हेच विचारावे लागते. आणि तो खंड यजमान ठरवतो. २०२४ साली लिनक्सच्या मूळ गाभ्यातच वक्तशीरपणाची सोय आली, पण अशी लिनक्स पाहुणी असेल तर तिचेही हात बांधलेलेच.

म्हणून १९९०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या आरटीलिनक्सने मांडणीच उलटी केली. तळाशी छोटा, काटेकोर कारभारी. त्याचे काम नसेल तेव्हाच वरच्या लिनक्सला पाळी.

आम्ही आधी प्रोसेसरचा एक गाभा पाहुणीसाठी राखून पाहिला. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. शेवटी लंबकाशेजारीच एक लहान मायक्रोकंट्रोलर बसवला. झोत तुटल्याची वेळ तोच टिपतो. संगणकाने ती सावकाश वाचली तरी चालते. दुसऱ्या दिवशी शंभर आंदोलने मोजली, २.०६ एकदाही आले नाही.