सर्व्हर बंद पडला तरी दप्तर बंद पडू नये

जमिनीचा सातबारा असो वा बँकेतील खाते, त्यांचे दप्तर आता संगणकीय डेटाबेसमध्ये असते. ते सांभाळणारा सर्व्हर बंद पडल्यास कामे खोळंबतात. याकरिता महत्त्वाच्या ठिकाणी अनेक सर्व्हरांचा समूह ठेवला जातो. मुख्य सर्व्हर निकामी होताच दुसरा त्याचा कार्यभार स्वीकारतो. या क्रियेस ‘फेलओव्हर’ म्हणतात. तिला लागणारा वेळ कमी कसा करावयाचा?

हा वेळ चार टप्प्यांत खर्च होतो. पहिला टप्पा निदानाचा. मुख्य सर्व्हरला आपण कार्यरत असल्याची खूण वारंवार द्यावी लागते. ‘पोस्टग्रेस’ डेटाबेससाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पॅट्रोनी’ प्रणालीत याची मूळ मुदत ३० सेकंद असते. ती घटविता येते. मात्र फार घटविल्यास क्षणिक अडथळ्यालाही बिघाड समजले जाते. दुसरा टप्पा निर्णयाचा. नवा प्रमुख बहुमताने ठरतो, म्हणून सभासदसंख्या विषम ठेवणे हिताचे. तिसरा टप्पा हिशेब जुळविण्याचा. प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीसारख्या नोंदवहीत लिहिला जातो आणि मागाहून खतावणीत उतरतो. राखीव सर्व्हरने ही रोजकीर्द सतत उतरवून घेतली असेल तर ऐनवेळी थोडेच काम उरते. चौथा टप्पा ग्राहक-संगणकांना नव्या प्रमुखाकडे वळविण्याचा. सर्वांसाठी एकच सामायिक पत्ता ठेवल्यास तो लवकर आटोपतो.

तथापि केवळ घाई घातक ठरते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील ‘गिटहब’ या संस्थेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने कार्यभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपविला. परंतु पूर्वेकडील काही ताज्या नोंदी तेथे पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन दप्तरे जुळेनात. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. त्यानंतर संस्थेने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात आपोआप होणारे हस्तांतर रोखण्याचे ठरविले.

यावरून असे दिसते की, कार्यभार देण्यापूर्वी घेणाऱ्याकडे दप्तर पूर्ण आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे. म्हणून हस्तांतराची रंगीत तालीम नियमितपणे घ्यावी, प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजावा आणि जेथे विलंब आढळेल तेथेच उपाय करावा. नागरिकाला नोंद लवकर मिळावी हे खरेच. पण ती बिनचूक मिळावी, हे त्याहून महत्त्वाचे.