फिरत्या घराचा तोल सावरताना

पर्यटन हंगामात हरमल, मोरजी, आगोंद या किनाऱ्यांवर परदेशी क्रमांकाची फिरती घरे उभी दिसतात, हे गोमंतकीयांना नवे नाही. अलीकडे मात्र आपल्याकडील क्रमांकपट्टीची फिरती घरेही रस्त्यावर दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण स्वीकारले; केरळनेही त्याच वर्षी ‘केरवान केरळ’ हा उपक्रम सुरू केला. मिनीबसच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, शौचालय आणि पाण्याची टाकी बसवून कुटुंबासह भ्रमंतीला निघणारी हौशी मंडळी आता अधूनमधून भेटतात.

अशा गाडीचा मालक पहिल्या लांबच्या प्रवासाहून परतला की त्याची तक्रार बहुधा एकच असते : गाडी डुलते. चोर्ला घाटाच्या वळणावर ती बाहेरच्या बाजूला कलते, गतिरोधकावरून उतरल्यावर दोन-तीन वेळा उसळते आणि शेजारून मोठी बस भरधाव गेली की कोणी ढकलल्यासारखी बाजूला सरकते. मागे बसलेल्यांना मळमळते, कपाटातील भांडी वाजतात, चालकाचे खांदे आखडतात. मग कोणी पाटे वाढवायला सांगतो, कोणी महागडे शॉकअप सुचवतो, तर कोणी हवेच्या स्प्रिंगची शिफारस करतो. तिन्ही उपाय खरे आहेत. परंतु ते तीन निरनिराळ्या दुखण्यांवरचे आहेत. दुखणे न ओळखता केलेला खर्च वाया जातोच, शिवाय काही वेळा गाडी आधीपेक्षा धोकादायक होऊन बसते.

तीन भाग, तीन कामे

सस्पेन्शन हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात किमान तीन स्वतंत्र कामे सामावलेली आहेत. पहिले काम वजन पेलण्याचे. ते स्प्रिंग करते. मिनीबसच्या मागील ॲक्सलवर ती बहुधा पोलादी पाट्यांची असते. जुन्या टांग्याखाली दिसणाऱ्या कमानदार पाट्यांचेच हे मोठे रूप. खड्डा आला की पाटे वाकतात, धक्क्यातील ऊर्जा साठवून घेतात आणि लगेच परत करतात. ही परतफेड म्हणजेच उसळी.

दुसरे काम ती उसळी आवरण्याचे. ते शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे बोलण्यातला शॉकअप, करतो. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्या खालीवर होताना ते तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते. त्या विरोधामुळे हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते. शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही, हे येथे पक्के ध्यानात घ्यावे. मागून बसलेली गाडी नवे शॉकअप घालून वर उचलली जाईल, ही अपेक्षा चुकीची आहे.

तिसरे काम बाजूला कलणे रोखण्याचे. दोन्ही चाकांना जोडणारी पोलादी कांब, म्हणजे अँटी-रोल बार, ते करते. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ही कांब आपल्या जागी नुसती फिरते. एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की मात्र ती पिळवटते आणि त्या पिळाला विरोध करते. म्हणून ती वळणावर उपयोगी पडते, पण सरळ रस्त्यावरच्या उसळीवर तिचा इलाज चालत नाही.

यावरून निदान सोपे होते. गतिरोधकानंतर गाडी पुन्हा पुन्हा उसळत असेल तर संशय शॉकअपवर घ्यावा. वळणावर अति कलत असेल तर उंचावरचे वजन आणि अँटी-रोल बार तपासावा. प्रत्येक खड्ड्यात मागून ‘धाड’ असा आवाज येत असेल तर पाटे बसलेले असून ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आदळत आहे, असे समजावे. सरळ रस्त्यावर गाडी भरकटत असेल तर आधी टायर, स्टीअरिंगचे सांधे, बुश आणि चाकांचे अलाइनमेंट पाहावे.

ताठ म्हणजे स्थिर नव्हे

पाटे वाढवले की गाडी स्थिर होते, हा मोठा गैरसमज आहे. आरामदायी मोटारीचा वरचा भाग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा खालीवर होईल, अशी तिची रचना असते. मानवी शरीराला उभ्या दिशेने सर्वांत अधिक जाचतात ती सेकंदाला सुमारे ४ ते ८ आवर्तनांची कंपने. स्प्रिंग जितकी ताठ करावी, तितकी गाडीची हालचाल लहान पण जलद होत जाते आणि रस्त्यावरचा बारीकसारीक खडबडीतपणाही थेट आत पोचू लागतो. डुलणे कमी झाले, पण कपाटांचे स्क्रू सैल होऊ लागले, असा अनुभव त्यामुळेच येतो. शिवाय ताठ स्प्रिंग अधिक जोराने परत फेकते; तिला आवरण्याइतका सक्षम शॉकअप नसेल तर उसळी वाढते.

आधी वजनकाटा

म्हणून पहिला खर्च वजनकाट्यावर करावा. टाक्या भरलेल्या, गॅस सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, सामान आणि माणसे आत, अशा प्रवासाच्या पूर्ण तयारीतील गाडीचे तीनदा वजन घ्यावे : एकदा संपूर्ण गाडीचे, एकदा केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून आणि एकदा केवळ मागची. हे आकडे नोंदणी पुस्तकातील एकूण वजनमर्यादेशी आणि उत्पादकाने प्रत्येक ॲक्सलसाठी दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावेत. एकूण वजन मर्यादेत असूनही एकटा मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असणे सहज शक्य आहे.

याचे कारण तरफेत आहे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर ४ मीटर आहे आणि पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्याही १ मीटर मागे बसवली आहे, असे धरू. या १०० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर १२५ किलो भार वाढतो आणि पुढचा ॲक्सल २५ किलोंनी हलका होतो. मागे सायकली, जनरेटर, जादा चाक यांची भर पडली की मागचे पाटे दबतात आणि पुढची चाके रस्त्यावरची पकड गमावू लागतात. स्टीअरिंग हलके लागणे आणि गाडी भरकटणे यांचे मूळ अनेकदा येथे सापडते.

मालवाहू गाडी कधी भरलेली, कधी रिकामी धावते. फिरते घर मात्र बारा महिने मर्यादेच्या आसपासच भरलेले असते. ते घरासमोर उभे असतानाही त्याच्या पाट्यांना विश्रांती नसते. त्यामुळे ते लवकर बसतात.

खर्चाआधीचे उपाय

वजन कळल्यावर पहिली सुधारणा फुकटात होते. जड वस्तू खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मधोमध आणाव्यात. छतावरील पेट्या रिकाम्या कराव्यात. धान्य, हत्यारे, बॅटऱ्या जमिनीलगतच्या कप्प्यांत ठेवाव्यात. मुक्कामी पाणी मिळणार असेल तर टाकी काठोकाठ भरून घाट चढू नये. ती अर्धवट ठेवली आणि आत पाणी अडवणारे पडदे नसतील, तर पाण्याचे हिंदकळणे वळणावर जाणवते. म्हणून मोठ्या टाकीत असे पडदे हवेत.

दुसरा उपाय टायरांचा. हवेचा दाब अंदाजाने नव्हे, तर त्या ॲक्सलवरील प्रत्यक्ष भारानुसार, टायर उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे ठरवावा. टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार अंकी क्रमांक असतो : ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. फिरते घर वर्षाकाठी फारसे धावत नाही, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते.

तिसरा उपाय झिजलेले भाग बदलण्याचा. पाट्यांचे बुश, सैल झालेले यू-बोल्ट, तडा गेलेला एखादा पाटा, तेल गळणारा शॉकअप हे आधी दुरुस्त करावे. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे किनारी भागात पाट्यांच्या मधल्या फटींत गंज लवकर धरतो. गंजलेले पाटे एकमेकांवर सहज घसरत नाहीत आणि गाडी विनाकारण कडक होते.

मग भाग बदलावेत

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर शॉकअपपासून सुरुवात करावी. लांबलचक घाटात सतत काम करून साध्या शॉकअपमधील तेल तापते, त्यात फेस होतो आणि आवरण्याची शक्ती घटते. दाबाखालील नायट्रोजन असलेल्या शॉकअपमध्ये हा फेस कमी होतो. तो गाडीच्या प्रत्यक्ष भारासाठी बनवलेला असावा. चारही शॉकअप एकाच वेळी बदलणे उत्तम, निदान एका ॲक्सलवरची जोडी तरी एकत्र बदलावी.

त्यानंतर अँटी-रोल बार. येथे तोल सांभाळावा लागतो. केवळ मागे फार जाड कांब बसवली तर वळणावर मागच्या बाहेरील टायरवरचा ताण वाढतो आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग आधी घसरण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून पुढची आणि मागची कांब एकमेकींच्या जोडीने निवडावी.

हवेची साहाय्यक स्प्रिंग हा तिसरा टप्पा. युरोपात फियाट ड्युकाटोसारख्या व्हॅनवर बांधलेल्या फिरत्या घरांत ती सर्रास बसवतात. पाट्याजवळ रबरी फुगा बसतो आणि त्यातील दाब कमीअधिक करून दबलेला मागचा भाग पूर्वीच्या उंचीवर आणता येतो. डाव्या-उजव्या फुग्यांच्या नळ्या स्वतंत्र असाव्यात. एकच नळी असेल तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी उलट अधिक कलते. फुगा कधीही पूर्ण रिकामा ठेवून गाडी चालवू नये. त्याचे रबर चिमटते आणि फाटते. तडा गेलेल्या पाट्यावर हा उपाय नव्हे, तो दोष झाकण्याचा प्रकार ठरेल.

एक धोका फारसा कोणी सांगत नाही. अनेक व्यावसायिक गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह ॲक्सल व सांगाडा यांमधील अंतर पाहून काम करतो. मागचा भाग दबला की गाडी भरलेली आहे असे समजून तो मागे अधिक दाब देतो. हवेच्या स्प्रिंगने मागचा भाग उचलला की तोच व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमजोर पडतो. उतारावर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. अशा गाडीत स्प्रिंग बसवल्यावर तो व्हॉल्व्ह जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावा, तसेच हेडलाइटचा कोनही तपासावा.

कायद्याची चौकट

सस्पेन्शन मजबूत केले म्हणून गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, चाके, टायर आणि सांगाडा या सर्वांचा विचार करून ती मर्यादा ठरलेली असते. मर्यादेपेक्षा अधिक भार वाहण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच प्रकारचा नवा भाग बसवणे वेगळे आणि रचना बदलणे वेगळे. मोटार कॅरव्हानसाठी आपल्याकडे ‘एआयएस-१२४’ हे मानक आहे. त्यामुळे मोठा बदल करण्यापूर्वी उत्पादकाचे अधिकृत सेवाकेंद्र, परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांना विचारून घेणे हिताचे.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. अँटी-रोल बार आणि चांगले शॉकअप गाडीचे कलणे कमी करतात. पण गाडी उलटण्याची सीमा मुख्यतः तिच्या गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील रुंदी यांवर ठरते. ती सीमा या सुट्या भागांनी फारशी हलत नाही. हलतो तो चालकाचा आत्मविश्वास. पूर्वी कलणारी गाडी वेळीच इशारा देत होती. आता ती शांत राहते म्हणून अनमोडच्या वळणावर वेग वाढवला, तर केलेला सारा खर्च उलट अंगावर येईल. सुधारलेल्या सस्पेन्शनचा खरा लाभ त्याच वेगाने, कमी थकव्याने आणि मागच्या आसनावरील मुलाबाळांना मळमळ न होता मुक्कामी पोचण्यात आहे.