थांबायचे केव्हा?

मागच्या पावसाळ्यात चोपडा तालुक्यातील एक शेतकरी आपल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. पोटात जळजळ, डोकेदुखी आणि रात्री झोप नाही, अशी तक्रार होती. सर्व तपासण्यांत दोष काहीच नव्हता. मुलगा पाच वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता. मी वडिलांना बाजूला घेऊन म्हटले, "आप्पा, पोरावर दडपण आणू नका." त्यांचे डोळे भरून आले. "डॉक्टरसाहेब, मी दोन वर्षांपासून म्हणतोय, घरी ये. तोच ऐकत नाही."

माझी चूक मला कळली. दडपण घरचे नव्हते. मुलाने ते स्वतःच स्वतःवर लादले होते. "इतकी वर्षे घातली, आता कसे सोडू?" एवढेच तो म्हणे.

चिंता कायम राहिली की शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात. झोप मोडते, पचन बिघडते. मिलर आणि रॉश या शास्त्रज्ञांनी २००७ साली ९० किशोरवयीन मुलींचा वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अशक्य झालेले ध्येय ज्यांना सोडता येत नव्हते, त्यांच्या रक्तात दाह दर्शविणारे प्रथिन वाढत गेलेले आढळले. म्हणजे हट्टाची किंमत शरीर मोजते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस १० लाखांहून अधिक अर्ज आले; निवड झाली १,०१६ जणांची. उरलेले सगळे आळशी होते काय? मुळीच नाही. आपल्या साक्री तालुक्यातील सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी झाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र त्यांच्या हाती वैद्यकीय पदवीही होती, हे आपण मुलांना सांगत नाही.

मग थांबायचे केव्हा? तरुण मित्रांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. किती प्रयत्न करायचे, हे आधीच ठरवले होते का? मागच्या दोन प्रयत्नांत गुण वाढले का? हे काम मला आवडते, की केवळ परत जाण्याची लाज वाटते? झोप आणि भूक जागेवर आहे का? उत्तरे प्रतिकूल असतील, तर थांबणे हा पळपुटेपणा नव्हे. परंतु नुसते सोडून रिकामे बसू नये. दुसरे काम लगेच हाती घ्यावे.

आईवडिलांना एक विनंती. "परत ये" एवढे पुरत नाही. "तू परत आलास तर आम्हाला कमीपणा वाटणार नाही," हे स्पष्ट शब्दांत सांगा. मुलगा वा मुलगी "जगण्यात अर्थ नाही" असे बोलू लागली, तर तिला एकटे सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. जळगाव व धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार मिळतो.

त्या मुलाने एक शेवटचा प्रयत्न ठरवला, तारीख वहीत लिहिली. यश आले नाही. महिनाभर तो कोणाला भेटला नाही. आता गावातच मुलांना गणित शिकवतो आणि केळीचा हिशेब पाहतो. परवा आला होता, आप्पांचे रक्तदाबाचे औषध न्यायला. झोपेबद्दल विचारले, तर हसून म्हणाला, "आता सकाळी आईला हाका माराव्या लागतात."