‘संजीवक’ : नाव आणि वस्तू

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद या तालुक्यांत कपाशी हे प्रमुख पीक होय. पातेगळ थांबावी म्हणून कपाशीवर नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड फवारतात. झाड अवास्तव वाढू नये म्हणून क्लोरमेक्वाट किंवा मेपिक्वाट क्लोराइड फवारतात. अशा द्रव्यांना कृषिग्रंथांत ‘संजीवके’, तर व्यवहारात सर्रास ‘टॉनिक’ म्हणतात. दोन्ही नावे जीवनदायी आहेत. त्यांत अपायाची सूचनाही नाही. म्हणूनच नावामागील वस्तू तपासणे अगत्याचे ठरते.

1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने देहातील संदेशवाहक द्रव्यांना ‘हॉर्मोन’ ही संज्ञा दिली. तिच्या मुळाशी ‘चालना देणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. मराठी ‘संप्रेरक’ हा शब्दही त्याच अर्थाचा. पुढे वनस्पतींतील वाढीच्या द्रव्यांनाही हेच नाव लाभले. परंतु नाव एक असले तरी कार्य एक नव्हे. जिबरेलिन झाडाला वाढवते. मनुष्यदेहात ते संप्रेरकाचे काम करीत नाही.

खरी शंका वाढ रोखणाऱ्या द्रव्यांविषयी आहे. कोकणात हापूस आंब्याला देतात ते पॅक्लोब्युट्राझोल, जिबरेलिन घडविणाऱ्या एका विकराला अडवते. हे विकर सायटोक्रोम पी-450 या कुलातील असून, मानवी शरीरात स्त्री-संप्रेरक घडविणारे ॲरोमॅटेज हेही त्याच कुलातील आहे. क्लोरमेक्वाट दिलेल्या नर उंदरांच्या शुक्रजंतूंची फलनक्षमता घटल्याचे काही प्रयोगांत आढळले. एवढ्यावरून माणसाला अपाय होतो असे सिद्ध होत नाही. मात्र दुर्लक्षाचेही समर्थन होत नाही.

कीटकनाशक नियम, 1971 नुसार वेष्टनावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो. हा रंग तत्काळ मारकतेवरून, म्हणजे प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात त्या मात्रेवरून ठरतो. वर्षानुवर्षांच्या संपर्काने संप्रेरकांवर होऊ शकणारा परिणाम तो सांगत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोकपणा, असा अर्थ लावणे म्हणूनच चूक होय.

पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला ‘टॉनिक’ म्हणून दिलेले द्रावण तो उघड्या हाताने ढवळण्याचा संभव अधिक. त्याला ‘वाढनियंत्रक रसायन’ म्हटल्यास हातमोजे, तोंडावरील पट्टी व ठरावीक मात्रा यांची आठवण राहील. संज्ञेची अचूकता येथे केवळ कोशकाराची चिंता उरत नाही.