अश्वसेवा व शेतीकाम : खचलेल्या माणसास उभारी

दीर्घ आजाराने किंवा मोठ्या आघाताने माणूस दोन प्रकारे खचतो. एक तर त्याची शक्ती जाते. आणि दुसरे म्हणजे, आपला आता कोणास उपयोग उरला नाही, ही भावना त्याच्या मनात घर करते. पहिल्या हानीवर औषधोपचार आहेत. दुसरी भरून काढण्यास मात्र औषधाच्या जोडीला कामही लागते. त्यातही जनावरांची निगा व जमिनीची मशागत ही कामे विशेष गुणकारी ठरतात, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

डेन्मार्कमधील लिस हार्टेल यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना या घोडेस्वार महिलेस पोलिओ झाला व गुडघ्यांखाली पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, ‘ज्युबिली’ नावाच्या घोडीवर त्यांनी रौप्यपदक मिळविले. १९५६ साली त्यांनी पुन्हा तेच यश संपादन केले. पाय बरे झाले नव्हते. परंतु जीवनातील उमेद परत आली होती. अपंगांसाठी उपचार म्हणून घोडेस्वारीचा उपयोग करण्यास त्यांच्या उदाहरणाने मोठी चालना मिळाली.

यामागील कारण समजून घेणे इष्ट आहे. घोडा संथ चालत असता त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कमरेस मिळते. ती माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून प्रशिक्षित तज्ज्ञ तोल सावरण्याच्या व्यायामासाठी तिचा उपयोग करतात. मनावरील परिणाम निराळा आहे. घोडा हा कळपात राहणारा व स्वभावतः सावध प्राणी होय. धसमुसळ्या माणसास तो बिचकतो, शांत माणसाजवळ स्थिर राहतो. त्यामुळे त्याच्या सहवासात माणसास स्वतःस आवरावे लागते. शिवाय समोरच्याचे कर्ज, व्यंग वा आजार पाहून घोडा आपली वागणूक बदलीत नाही.

शेतीकामाचाही असाच गुण आहे. बेल्जियममधील गील या गावी मध्ययुगापासून मनोरुग्णांना शेतकरी कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेत आली व शेतातील कामांत त्यांना सामील करून घेत आली. आपल्याकडे वरोऱ्याजवळील आनंदवनात, बाबा आमटे यांच्या मार्गदर्शनाखाली, समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांनी खडकाळ जमीन लागवडीखाली आणली. दयेवर जगणारी माणसे तेथे धान्य व भाजीपाला पिकविणारी झाली.

प्रत्येक घरी घोडा नसतो. परंतु बैलजोडी, गाय किंवा चार शेळ्या असतात. गावात एखादा शेतकरी खचलेला आढळल्यास कार्यकर्त्यांनी घरच्यांशी बोलून त्याच्याकडे ठराविक वेळेचे एखादे हलके काम सोपवावे : सकाळी वैरण घालणे, पाणी दाखविणे, खरारा करणे. काम रोजचे असावे व ते खरोखर गरजेचे असावे. लटके काम माणूस ओळखतो. त्यात चूक झाल्यास रागावू नये.

घोडा असल्यास काही खबरदारी आवश्यक आहे. त्याच्याकडे मागून जाऊ नये. हाक देत डाव्या खांद्याच्या बाजूने जावे. कान मागे चपटे केल्यास तो चिडला आहे असे समजावे. कासरा हाताभोवती गुंडाळू नये. घोड्यांत वावरणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

मात्र हा उपचारास पर्याय नव्हे. झोप व भूक मंदावणे, कामातील लक्ष उडणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, अथवा शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर, दिवसा वा रात्री, विनामूल्य सल्ला घ्यावा. अशा घरातील कीटकनाशके ताबडतोब कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी, आणि त्या माणसास एकटे सोडू नये.

पीक एका हंगामात बुडाले तरी पुढील हंगामी पेरता येते. माणूस मात्र वेळीच सावरावा लागतो. पहाटे दावणीला बांधलेले जनावर आपली वाट पाहत आहे, ही जाणीव त्याला अंथरुणातून उठविण्यास अनेकदा पुरेशी होते.