अटकेचा कागद कुणाकडे मागायचा?

अमेरिकेचं नागरिकत्व मागताना एन-४०० हा फॉर्म भरावा लागतो. पत्ता, नोकरी, प्रवास असं सगळं भराभर लिहीत आलेला माणूस त्यातल्या एका प्रश्नापाशी हमखास अडखळतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? कधी म्हणजे कधीही. खटला उभा राहिला नाही, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं, ‘रेकॉर्ड पुसून टाकलं’ असं तेव्हाचा वकील म्हणाला होता, तरी सांगायचंच. आणि सांगून भागत नाही, कागद जोडावा लागतो.

मी मूळची कराडची. सॅन अँटोनिओत एका इमिग्रेशन वकिलांकडे पॅरालीगल म्हणून काम करते. हे कागद मिळवायचं काम बहुतेक माझ्याच टेबलावर येतं. ह्यूस्टन किंवा डॅलसचा कागद असेल तर फारसं काही वाटत नाही. तिथे ऑनलाइन अर्ज होतो, नंबर मिळतो, वाट बघायची. खेड्यातली काउंटी असली की मात्र मी आधी चहा करून घेते.

‘आपल्या मुलांना कशाला अटक होईल?’ असं वाचकांना वाटेल. होते. टेक्सासमध्ये दंडाच्या किरकोळ वाहतूक गुन्ह्यांसाठीसुद्धा बेड्या घालता येतात. १९९७ साली ऑस्टिनजवळच्या लागो व्हिस्टा गावात गेल अ‍ॅटवॉटर या बाईंना सीटबेल्ट न लावल्याबद्दल गाडीतल्या दोन लेकरांदेखत अटक झाली. या गुन्ह्याला दंड होता फार तर ५० डॉलर. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरल्या. निकाल आजही लागू आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र जास्त दिसतो तो वेगळा प्रकार: दंडाची पावती गाडीच्या कप्प्यात विसरायची, तारखेला कोर्टात जायचं नाही, मग वॉरंट निघतं, आणि पुढे कधीतरी मागचा दिवा बंद म्हणून गाडी थांबवली की संगणकावर ते वॉरंट दिसतं.

नांदेडकडच्या एका मुलाचं असंच झालं होतं. विद्यार्थी असताना मित्रांबरोबर बिग बेंड नॅशनल पार्कला निघाला होता. वाटेतल्या एका काउंटीत रात्र तुरुंगात काढली, सकाळी दंड भरून सुटला. घरी कुणाला बोलला नाही. आता बायको, मूल, घर, आणि समोर एन-४००. ‘ताई, ते इतकं जुनं आहे, नसेलच कुठे,’ तो मला म्हणाला. त्या गावात काही हरवत नाही, फक्त सापडत नाही, हे त्याला कोण सांगणार!

शोध सुरू होतो तो काउंटीच्या शेरीफपासून. शेरीफ म्हटलं की मराठी माणसाला एक तर काउबॉयचे सिनेमे आठवतात, नाही तर मुंबईचे नगरपाल, म्हणजे मानाचं पद, अधिकार काही नाही. इथला शेरीफ या दोन्हींहून वेगळा. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत दर ४ वर्षांनी लोक मतं देऊन शेरीफ निवडतात. लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६४ भरली. तिलाही शेरीफ आहे. तुरुंग त्याच्याच ताब्यात असतो. आणि त्याच्या वर कुणी नसतं. आपल्याकडे ठाणेदाराने ऐकलं नाही तर एसपींकडे जाता येतं; इथे शेरीफची तक्रार करायला कलेक्टर नाही, गृहमंत्री नाही. एक तर राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, नाही तर कोर्ट, नाही तर पुढची निवडणूक.

लहान काउंटीत शेरीफचं ऑफिस आणि तुरुंग बहुधा एकाच बैठ्या इमारतीत. जाड काचेची खिडकी, खाली कागद सरकवायला फट. आत एक रेकॉर्ड्स क्लार्क, तीही बारा ते एक जेवायला घरी. रात्री फोन केलात तर डिस्पॅचर उचलते. तिच्या एका कानाला ९११ चा हेडसेट असतो, तेव्हा तिच्याशी कायदा बोलायचा नसतो. मी सकाळी साडेनऊच्या पुढे फोन करते, आधी नाव विचारते, पाऊसपाण्याची चौकशी करते. पश्चिम टेक्सासात पाऊस हा खरोखरीचा जिव्हाळ्याचा विषय आहे. दोन मिनिटं जातात, पण त्या बाई मग ‘थांब हं, हनी’ म्हणून मागच्या खोलीतल्या खोक्यांपर्यंत जातात. हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही.

कायदा मात्र मागणाऱ्याच्या बाजूचा आहे. फोया (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट) हे नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण १९६६ चा तो कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू. शेरीफला तो दाखवून उपयोग नाही. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. टेक्सासचा १९७३ चा. शार्पस्टाउनच्या शेअर घोटाळ्यात बडे पुढारी अडकल्यावर जनक्षोभातून आलेला. आज त्याला टेक्सास पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्ट म्हणतात, गव्हर्नमेंट कोडचं ५५२ वं चॅप्टर. अर्ज लेखी हवा, ईमेल चालते, ठरावीक नमुना नाही. कागद कशाला हवा, हे विचारायची ऑफिसला मुभा नाही. तुम्ही टेक्सासचे रहिवासी किंवा अमेरिकेचे नागरिक असण्याचीही गरज नाही. सगळीकडे असं नाही बरं का. व्हर्जिनियाचा कायदा हा हक्क त्या राज्याच्या नागरिकांपुरताच ठेवतो, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला मान्यता दिली.

लोक चुकतात ते अर्ज लिहिताना. ‘मला माझ्या अटकेची माहिती द्यावी, मला का पकडलं होतं ते कळवावं’ असं लिहितात. या कायद्यात प्रश्नांची उत्तरं देण्याचं बंधन नाही. असलेला कागद दाखवण्याचं आहे. म्हणून कागद त्याच्या नावानेच मागायचा: अमुक तारखेच्या सुमाराची बुकिंग शीट, अरेस्ट रिपोर्ट, डिस्पॅचची नोंद, वॉरंटची प्रत. गणवेशावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण हवं असेल तर तारीख, अंदाजे वेळ, नेमकी जागा आणि त्यात असलेल्या एका तरी माणसाचं नाव द्यावंच लागतं. एवढं नसेल तर अर्ज बाद.

शिवाय पकडलं कुणी, हे आधी ठरवायला हवं. तुरुंग शेरीफचा म्हणून अटक त्याच्याच डेप्युटीने केली असं नसतं. नांदेडच्या मुलाला हायवेवर थांबवलं होतं राज्याच्या ट्रूपरने. म्हणजे बुकिंग शीट शेरीफकडे, अटकेचा रिपोर्ट ऑस्टिनला डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडे, आणि शेवटी काय झालं याचा दाखला जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात. (टेक्सासात या जस्टिसला वकील असावंच लागत नाही.) इमिग्रेशन ऑफिसरला सगळ्यांत जास्त हवा असतो तो हा कोर्टाचा शिक्क्याचा दाखला. कोर्टांना ५५२ वं चॅप्टर लागू नाही, त्यामुळे तिथे वेगळा अर्ज, थेट कोर्टाच्या क्लार्ककडे. मोठ्या गुन्ह्यांची फाइल डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असते, मधल्या गुन्ह्यांची काउंटी क्लार्ककडे.

त्या मुलासाठी केलेल्या अर्जाला शेरीफच्या ऑफिसातून पहिलं उत्तर आलं: या नावाची नोंद नाही. आपल्या नावांचं हे कायमचं दुखणं. पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एका ओळीत असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. रात्री दोन वाजता दमलेल्या जेलरने वडिलांच्या नावालाच आडनाव केलं होतं. मी जन्मतारखेवरून शोधायला सांगितलं, दिवस आणि महिना उलटा धरूनही बघा म्हटलं, तेव्हा कागद निघाला. एका पानाची बुकिंग शीट. केस काळे, डोळे तपकिरी, उंची, वजन. पकडणाऱ्या खात्याचं नाव. आरोपाच्या रकान्यात फेल्युअर टू अपिअर. खाली जमा केलेल्या वस्तू: पट्टा, पाकीट, फोन आणि ‘पिवळ्या धातूची अंगठी, एक’. पोलीस सोनं कधी लिहीत नाहीत. उद्या पितळ निघालं तर भरून कोण देणार? तो मुलगा त्या ओळीकडेच बघत राहिला. आजीने दिलेली अंगठी होती.

पैशाचं म्हणाल तर साध्या प्रतीला पानामागे १० सेंट. ५० पानांपर्यंत सहसा शोधण्याची मजुरी लावता येत नाही. खर्च ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी लेखी अंदाज द्यावा लागतो, आणि त्या अंदाजाला तुम्ही १० कामकाजी दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. ईमेलचा स्पॅम फोल्डर बघत जा, एवढंच सांगेन.

दहा दिवसांचा दुसरा नियम ऑफिसवर आहे. कागद लवकरात लवकर द्यायचा; १० कामकाजी दिवसांत जमत नसेल तर कधी देणार ते लिहून कळवायचं. नाकारायचा असेल तर शेरीफला स्वतःच्या मनाने नाकारता येत नाही. त्याच १० दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो, आणि त्यांना ४५ कामकाजी दिवस मिळतात. आपल्या माहिती अधिकारात नकार आल्यावर अपिलासाठी आपणच पळतो; इथे पळापळ नकार देणाऱ्याने करायची. मला ही तरतूद फार आवडते.

पळवाटाही आहेत. तपास चालू आहे किंवा प्रकरणात शिक्षाच झाली नाही, या कारणाने पोलिसांचा रिपोर्ट अडवता येतो. निर्दोष सुटलेल्याची बदनामी होऊ नये, हा शिक्षेच्या अटीमागचा हेतू. पण संशयित मेला की शिक्षा कधीच होत नाही, आणि मग तेच कलम खात्याच्या लाजेवर पांघरूण घालायला वापरता येतं. २४ मे २०२२ ला आमच्यापासून दीड तासावरच्या उव्हाल्डे गावात शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पोलीस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेर थांबले. त्या दिवसाचे कागद मिळवायला वृत्तसंस्थांना कोर्टात जावं लागलं. शहराने ते २०२४ मध्ये दिले, काउंटीकडून आणि शाळेकडून मिळायला २०२५ उजाडलं.

तरीही एक गोष्ट कुणाला अडवता येत नाही. ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या १९७५ च्या खटल्यापासून अटकेची मूलभूत माहिती, म्हणजे कोणाला, कुठे, कोणत्या आरोपावरून, कुणी पकडलं, ही खुली आहे. नकाराचं पत्र आलं तर ‘निदान मूलभूत माहिती द्या’ एवढं एक वाक्य परत लिहा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. खटला अजून चालू असेल किंवा व्हिसाची भानगड असेल, तर मात्र स्वतः शेरीफला लिहायच्या आधी वकिलाला विचारा. आणि अटकेचे फोटो छापून ‘रेकॉर्ड काढून देतो’ म्हणत पैसे उकळणाऱ्या खासगी वेबसाइटींच्या नादी लागू नका. इमिग्रेशन ऑफिसरसमोर त्यांच्या कागदाला किंमत नाही.

तुमचं मूल इथे शिकत असेल आणि एखादी रात्र अशी काढली असेल, तर ओरडण्याआधी बुकिंग शीट, रिपोर्ट आणि कोर्टाचा दाखला त्याच महिन्यात मागवून घ्यायला सांगा. ठरावीक वर्षांनी जुने कागद नियमाप्रमाणे नष्ट करतात. तशी वेळ आलीच तर ‘आमच्याकडे रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं सही-शिक्क्याचं पत्र मागा. ते फायलीला लावता येतं, आणि ते पत्र त्या खिडकीतल्या बाई बहुतेक त्याच दिवशी देतात.