नेमबाजीच्या जोडसाधनांची पारख

आमच्या ग्वाल्हेरात ‘लष्कर’ आणि ‘कंपू’ ही नावे रोज शेकडो वेळा उच्चारली जातात. परंतु त्यांचा मूळ अर्थ क्वचितच कोणाच्या मनात येतो. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ येथे कायमचा पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. ‘कंपू’ हे नावही कवायती पलटणींच्या छावणीचे. महादजी शिंदे यांनी 1784 पासून डी बॉयन या सेनानीकडून अशा पलटणी उभ्या करविल्या. त्यांतील शिपायाच्या हाती बंदूक होती आणि बंदुकीच्या तोंडाशी संगीन होती.

ही संगीन म्हणजे बंदुकीचे एक जोडसाधनच होय. तिचा इतिहास बोधप्रद आहे. युरोपात सुरुवातीला संगिनीची मूठ बंदुकीच्या नळीतच खुपसावी लागे. संगीन बसली की गोळी झाडणे बंद! 1689 साली स्कॉटलंडमधील किलिक्रँकीच्या लढाईत बार काढून झाल्यावर शिपाई संगिनी बसवू लागले, तोच शत्रू त्यांच्यावर येऊन कोसळला आणि त्यांची दाणादाण उडाली. पुढे नळीच्या बाहेरून कड्याने बसणारी संगीन प्रचारात आली, तेव्हा हा दोष गेला. पहिल्या संगिनीचे पाते काही बोथट नव्हते. दोष होता तो जोडणीत. मुख्य साधनाच्या कामात जोडसाधनाने अडथळा आणता कामा नये, हा पारखीचा पहिला धडा त्या रणांगणावर मिळाला.

आता रणांगण सोडून क्रीडांगणाकडे वळू. 2010 साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 50 मीटर रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळविले. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले. अशा यशाच्या वार्ता ऐकून अनेक मुलामुलींना एअर रायफलची ओढ लागते, आणि रायफलपाठोपाठ घरात मागण्यांची यादी येते: दुर्बीण हवी, नवा दर्शक हवा, गालाची पट्टी हवी, वजने हवीत. आईवडिलांना या वस्तूंची ओळख नसते. मुलांना ओळख असते ती चित्रांतून. अशा वेळी वस्तूची पारख कशी करावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सर्वप्रथम वस्तूला तिचे काम विचारावे. “तू नेमके काय करतेस?” या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर मिळाले नाही, तर ती वस्तू बहुधा शोभेची आहे. गालाची पट्टी काय करते? प्रत्येक वेळी डोळा दर्शकामागे त्याच जागी आणते. दस्त्याच्या टोकाची सरकती पाटी काय करते? वाढत्या वयाच्या मुलाच्या हाताच्या लांबीप्रमाणे दस्ता लांब-आखूड करते. ही कामे खरी आहेत. दुर्बीण काय करते? ती लक्ष्य मोठे दाखविते. परंतु लक्ष्याबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. हात मात्र तिने स्थिर होत नाही.

याच्या जोडीने दुसरा प्रश्न नियमांचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 10 मीटर एअर रायफलच्या सामन्यात रायफलवर दुर्बीण लावता येत नाही. मागे बारीक छिद्राचा दर्शक आणि पुढे माशी, एवढ्यावरच नेम साधावयाचा असतो. सर्व जोडणीसह रायफलचे वजन 5.5 किलोपेक्षा अधिक चालत नाही. या स्पर्धेत उभ्याने नेम धरताना खांद्याचा पट्टाही वापरता येत नाही. म्हणून ज्या मुलाला सामन्यात उतरावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने उत्तमातल्या उत्तम दुर्बिणीचेही मूल्य शून्य होय. वस्तूची गुणवत्ता वस्तूत असते. तिचे मूल्य मात्र घेणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते. या दोहोंची गल्लत झाली की पैसा वाया जातो.

आता प्रत्यक्ष गुणवत्तेकडे येऊ. ती किती बारकाईने पाहावी लागते, हे एका हिशेबावरून कळेल. 10 मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि एका वर्तुळापासून दुसऱ्या वर्तुळापर्यंतचे अंतर अडीच मिलिमीटर असते. समजा, माशी आणि मागील दर्शक यांत 80 सेंटिमीटर अंतर आहे, आणि मागील दर्शक 0.1 मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतका, सरकला. लक्ष्याचे अंतर या 80 सेंटिमीटरच्या साडेबारा पट असल्यामुळे लक्ष्यावर छर्रा 1.25 मिलिमीटर बाजूला जाईल. नेम अगदी मध्यावर असूनही अर्धा गुण गेला! एका कागदाच्या जाडीचा हा प्रताप आहे. यावरून ध्यानात येईल की जोडसाधनाचा पहिला गुण चकाकी नसून पकड आहे.

पकड तपासण्याची एक बिनखर्ची युक्ती आहे. वस्तू बसवून स्क्रू योग्य तेवढे आवळावेत आणि स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढावी. पन्नास छर्रे झाडल्यावर रेघ पाहावी. ती अखंड असेल तर पकड पक्की. तुटली असेल तर स्क्रू फिरला. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये ही परीक्षा अवश्य करावी. तिच्यातील जड दट्ट्या सुटताना रायफलला मागे धक्का बसतो आणि दट्ट्या थांबताना पुढे बसतो. केवळ मागचा धक्का सोसण्यासाठी बनविलेल्या, एरवी चांगल्या दुर्बिणीही या दुहेरी धक्क्याने बिघडतात.

दुसरी परीक्षा चौकोनाची. दर्शकाच्या चकत्या फिरविल्या की ‘टक्’ असा आवाज होतो, आणि प्रत्येक टक्-गणिक छर्रा ठरावीक अंतराने सरकावा अशी अपेक्षा असते. रायफल टेकूवर ठेवावी, नेम शेवटपर्यंत एकाच बिंदूवर धरावा आणि तीन छर्रे झाडावेत. मग वीस टक् वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे असे फिरवीत जावे व प्रत्येक वेळी तीन छर्रे झाडावेत. शेवटचे छर्रे पहिल्या छिद्रांवरच परत आले पाहिजेत आणि कागदावर नीट चौकोन उमटला पाहिजे. घरी परतण्याचा रस्ता जो दर्शक विसरतो, तो कितीही सुबक दिसला तरी घेऊ नये.

तिसरी परीक्षा सर्वांत अवघड, कारण ती स्वतःच्या मनाची आहे. नवी वस्तू लावली आणि पहिलेच पाच छर्रे जवळजवळ पडले, की आपण हर्षभरित होतो. परंतु पाच छर्रे योगायोगानेही जवळ पडतात. शिवाय नव्या वस्तूच्या उत्साहात मुलगा अधिक लक्ष देऊन नेम धरतो आणि श्रेय वस्तूला मिळते. म्हणून जुन्या जोडणीवर पाच-पाच छर्‍यांचे सहा गट आणि नव्या जोडणीवर सहा गट झाडावेत. तेही आलटून पालटून, म्हणजे थकव्याचा भार दोन्हींवर सारखा पडेल. प्रत्येक गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर पट्टीने मोजून वहीत लिहावे. छर्‍यांचा डबा बदलू नये आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन वस्तू एकदम बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कधीच कळत नाही.

आता किमतीचा विचार. समजा, 500 रुपयांच्या एका पट्टीने वहीतील सरासरी अंतर दोन मिलिमीटरने कमी झाले आणि 6,000 रुपयांच्या दर्शकाने तीन मिलिमीटरने. दर्शक अधिक चांगला खरा. पण पट्टीचा प्रत्येक मिलिमीटर 250 रुपयांना पडला, दर्शकाचा 2,000 रुपयांना. नवशिक्याने पट्टी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून छर्रे घेऊन सराव करावा. पुढे सरावाने हात इतका स्थिर झाला की दर्शकाचीच उणीव आड येऊ लागली, तर तेव्हा दर्शक घेणे योग्य ठरेल. आणखी एक पथ्य: चाप किंवा नळी यांना स्पर्श करणारी कोणतीही वस्तू घरी बसवू नये, ते काम जाणत्या कारागिराचे आहे. आणि वर सांगितलेल्या परीक्षाही प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, नेमबाजीच्या आवारातच कराव्यात.

आमच्या पाहण्यातील एका मुलाची गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. घरच्यांनी दिवाळीचे कपडे आखडते घेऊन त्याला एक देखणा दर्शक आणून दिला. महिनाभरात त्याचे गुण घसरले. आज छर्रे डावीकडे, तर उद्या खाली. “हात बिघडला,” असे तो म्हणू लागला, आणि अखेरीस सरावालाच येईना. एका वडीलधाऱ्यांनी त्याची रायफल मागवून पेन्सिलीची रेघ ओढली. तीस छर्‍यांतच रेघ तुटली. दर्शकाच्या स्क्रूचे आटे झिजलेले होते. जुना दर्शक परत चढविला आणि मुलगा पूर्वीच्या गुणांवर आला. पैसे गेले ते गेलेच. परंतु त्या मुलाने महिनाभर स्वतःला विनाकारण दोष दिला, हे नुकसान आम्हांस अधिक मोठे वाटते.

नेमबाजीत कागदावरील छिद्र हा आपला आरसा असतो. साधन खरे असेल तर ते छिद्र आपली चूक दाखविते आणि आपण सुधारतो. साधन खोटे असेल तर आरसाच वाकडा होतो. मग चांगल्या हाताचीही निंदा होते आणि वाईट हाताचीही स्तुती. एन.सी.सी.च्या छात्रांना सरकारी रायफलीला काही जोडावयाचे नसते; तरीही आपल्या रायफलीची माशी हलते की नाही, हे पाहून घेण्याची सवय त्यांनाही उपयोगी पडेल. किंबहुना सायकलचा ब्रेक, कंपासपेटीतील परकार, शिवणयंत्राची सुई, या सर्वांस हेच प्रश्न विचारता येतात: तुझे काम काय, तू जागच्या जागी राहतेस का, आणि तुझ्यामुळे खरोखर फरक पडतो का? पट्टी, पेन्सिल आणि वही घेऊन जो या प्रश्नांची उत्तरे शोधील, त्याला जाहिरातीचे चित्र सहसा फसवू शकणार नाही.